किमान संगणक कोणता लागेल? येत्या आवृत्तीच्या अटींविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही रत्नागिरीत बसून आंबा बागायतदार, काजू कारखानदार, मच्छीमार सोसायट्या आणि किनाऱ्यावरचे छोटे दुकानदार यांच्यासाठी मालाचा, पेट्यांचा आणि उधारीचा हिशेब ठेवणारी प्रणाली तयार करतो. ती विंडोज, लिनक्स आणि मॅक या तिन्हींवर चालते, आणि बागेत उभ्या उभ्या पेट्या मोजता याव्यात म्हणून तिच्यासोबत एक लहान अँड्रॉइड अ‍ॅपही आहे. येत्या आवृत्तीत किमान अटी वाढत असल्यामुळे ग्राहकांचे, तालुक्यांत प्रणाली बसवून देणाऱ्या सहकाऱ्यांचे आणि काही प्रोग्रामर मित्रांचे जे प्रश्न पुन्हा पुन्हा येत आहेत, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत.

नव्या आवृत्तीसाठी नेमके काय लागेल?

६४ बिटचे विंडोज १० (२२एच२ ही त्याची शेवटची सुधारणा) किंवा विंडोज ११; उबुंटू २२.०४ किंवा त्यानंतरचे, अथवा जीलिब्सी (लिनक्सवरचे प्रोग्राम ज्याच्या आधारे चालतात तो मूलभूत भाग) २.३५ किंवा त्यापुढची आवृत्ती असलेले अन्य लिनक्स. मॅकओएस १२ किंवा पुढचे. ४ जीबी मेमरी, २ जीबी मोकळी जागा आणि १३६६ × ७६८ चा पडदा. अ‍ॅपसाठी अँड्रॉइड ८.० किंवा त्यापुढचा फोन. प्रोसेसर अमुक सालचाच असावा, अशी अट आम्ही घातलेली नाही. त्याचे कारण पुढे आले आहे.

‘किमान’ म्हणजे ज्यावर प्रणाली कशीबशी उघडते तो संगणक, असेच ना?

नाही, आणि बहुतेक गैरसमज येथूनच सुरू होतात. प्रणाली एखाद्या संगणकावर चालते, ती आम्ही तेथे चालवून पाहिलेली आहे, आणि ती तेथे बिघडली तर दुरुस्त करण्याची जबाबदारी आमची आहे, या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. आम्ही ‘किमान’ हा शब्द फक्त तिसऱ्या अर्थाने वापरतो. त्यामुळे किमान अटी लिहिताना आमच्यासमोरचा पहिला प्रश्न ‘हे कुठवर चालेल’ असा नसतो. ऐन हंगामात एखाद्या बागायतदाराचा फोन आला, तर कोणत्या संगणकाबाबत ‘हे आमचे काम आहे’ असे म्हणायची आमची तयारी आहे, हा प्रश्न असतो. त्या यादीतला प्रत्येक प्रकारचा संगणक आमच्या टेबलावर असावा लागतो, आणि चार जणांच्या कार्यालयात टेबले मोजकीच असतात.

अटींपेक्षा जुन्या संगणकावर प्रणाली चालू शकेल. आम्ही ती मुद्दाम अडवत नाही. मात्र स्थापना करताना तशी सूचना दिसेल, आणि त्या संगणकावरची अडचण सोडवण्याचे वचन आम्ही देत नाही.

हे आकडे ठरवायला सुरुवात कोठून केली?

दोन टोकांकडून. एक टोक म्हणजे लोकांच्या टेबलावर आज काय आहे, आणि दुसरे म्हणजे आम्ही ज्या साधनांनी प्रणाली बांधतो, त्यांना स्वतःला काय लागते. दुसऱ्या टोकाची कागदपत्रे उपलब्ध असतात, त्यामुळे ते काम दोन दिवसांचे होते. पहिल्या टोकाला मात्र वर्षभर लागले.

प्रणाली वापरणाऱ्याच्या नकळत त्याच्या संगणकाची माहिती गोळा करणे आम्हाला मान्य नाही. म्हणून दुरुस्तीसाठी किंवा शिकवण्यासाठी जेथे जेथे जाणे झाले, तेथे परवानगी घेऊन प्रोसेसर, मेमरी, डिस्कचा प्रकार, पडद्याचा आकार आणि विंडोजची आवृत्ती अशा पाच गोष्टी एका वहीत लिहिल्या. देवगडच्या पॅकिंग शेडपासून हर्णैच्या बंदरावरच्या कार्यालयापर्यंतच्या त्या नोंदी वाचल्यावर पहिली गोष्ट लक्षात आली ती अशी, की बाजारात आज मिळणारा स्वस्तातला स्वस्त संगणक आणि वापरात असलेला संगणक यांच्यात बरेच अंतर आहे. खाऱ्या हवेने यूएसबीचे पोर्ट गंजतात, पंखे अडकतात, तरी माणसे संगणक बदलत नाहीत, दुरुस्त करून घेतात. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले, तेव्हा आमच्या काही ग्राहकांचे संगणक वाया गेले, आणि दुकान पुन्हा उभे करण्याच्या घाईत त्यांनी मिळाला तो वापरलेला संगणक घेतला. अशा ठिकाणी खरेदीचे साल आणि संगणकाचे वय यांचा मेळ बसत नाही. विक्रीच्या आकड्यांवरून किमान अट ठरवली असती, तर नेमके हेच लोक बाहेर राहिले असते.

दोन्ही टोके हातात आल्यावर जे अधिक कडक असेल, ते किमान ठरते. साधनांना विंडोज १० लागत असेल आणि वहीत विंडोज ७ असेल, तर विंडोज १० हीच अट. फक्त वहीतल्या त्या नोंदींचे काय करायचे, याचे उत्तर आपल्याकडे असले पाहिजे.

आमच्याकडे विंडोज ७ व्यवस्थित चालते. ते का सोडले?

मायक्रोसॉफ्टने विंडोज ७ चा सर्वसाधारण आधार, म्हणजे सर्वांना दुरुस्त्या देणे, १४ जानेवारी २०२० रोजी थांबवला, परंतु केवळ तेवढ्यावरून आम्ही ते सोडलेले नाही. त्यानंतरही आम्ही ते चालवत राहिलो होतो. खरी अडचण साधनांची आहे. आमचे पडदे क्यूट या, खिडक्या आणि बटणे बनवण्याच्या तयार संचावर बांधलेले आहेत, त्याची ५.१५ ही आवृत्ती विंडोज ७ वर चालत असे, क्यूट ६ मात्र विंडोज १० पासून पुढेच चालते. आणि हे केवळ क्यूटचे नाही. पायथन ३.९ ने विंडोज ७ सोडले, गो भाषेची १.२० ही विंडोज ७ वर चालणारी शेवटची आवृत्ती ठरली, क्रोमची १०९ ही शेवटची ठरली, आणि इलेक्ट्रॉन या, अ‍ॅप बांधण्याच्या दुसऱ्या संचाने २२ नंतर ते सोडले. घराचे एकेक वासे काढून नेल्यावर फक्त छप्पर धरून उभे राहण्यासारखे ते झाले असते: प्रत्येक जुन्या घटकाची सुरक्षाविषयक दुरुस्ती आम्हालाच करावी लागली असती, आणि ती आमच्याकडून नीट झाली नसती.

विंडोज १० चाही आधार संपला आहे. मग ते का ठेवले?

विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, हे खरे आहे. घरगुती वापरकर्त्यांना नोंदणी केल्यास १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा दुरुस्त्या मिळण्याची सोय ठेवण्यात आली. परंतु विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि ठरावीक यादीतला प्रोसेसर लागतो, इंटेलच्या बाबतीत बहुतांशी आठव्या पिढीपासून पुढचा. आमच्या वहीतले अनेक संगणक मेमरी आणि वेग यांच्या हिशेबाने सुदृढ असूनही या अटीत बसत नाहीत. आमची साधने विंडोज १० वर अजून चालतात, आमच्याकडे त्याचे चाचणीचे संगणक आहेत, तेव्हा ते आताच बाहेर काढण्याचे कारण नाही. सुरक्षा दुरुस्त्या न मिळणाऱ्या संगणकावर बँकेचे व्यवहार करू नयेत, एवढे मात्र आम्ही प्रत्येकाला सांगतो.

३२ बिटची आवृत्ती का बंद केली?

वेगळी चाचणी, वेगळी स्थापना फाइल आणि वेगळे दोष, असा तिचा खर्च दुप्पट होता, आणि वहीत फक्त ३२ बिटचाच प्रोसेसर असलेला संगणक जवळजवळ सापडला नाही. सापडले ते वेगळेच: ६४ बिटचा प्रोसेसर, त्यावर कोणीतरी पूर्वी टाकलेले ३२ बिटचे विंडोज. अशा संगणकात ४ जीबी मेमरी बसवली तरी ती पूर्ण वापरली जात नाही. ‘सेटिंग्ज’मध्ये ‘सिस्टिम’ आणि त्याखाली ‘अबाउट’ उघडल्यास प्रोसेसर आणि विंडोज यांचा प्रकार एकाच ओळीत दिसतो. ३२ वरून ६४ बिटवर थेट जाता येत नाही, विंडोज नव्याने टाकावे लागते. परवाना मात्र तोच चालतो. त्याआधी हिशेबाचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घ्यावा, आणि तो दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावा.

४ जीबी मेमरी हा आकडा अंदाजाने लिहिला आहे का?

पूर्वी तसाच लिहिला होता, हे कबूल करतो. पहिल्या आवृत्तीच्या वेळी आम्ही आमच्या संगणकावर प्रणाली उघडली, ती किती मेमरी घेते ते पाहिले, त्याची दुप्पट केली आणि ‘२ जीबी’ असे छापले. चुकले ते असे, की दुकानात कोणीही आमची प्रणाली एकटी उघडत नाही. तिच्या शेजारी ब्राउझर असतो, त्यात जीएसटीचे पोर्टल आणि व्हॉट्सअ‍ॅप असते, मागे अँटिव्हायरस चाललेला असतो, आणि मेमरीचा काही भाग अंगभूत ग्राफिक्सने आधीच बाजूला काढून ठेवलेला असतो.

या वेळी मोजणीची पद्धत बदलली. ४ जीबी मेमरीचा, जुन्या फिरत्या हार्ड डिस्कचा एक लॅपटॉप आम्ही वेगळा काढून ठेवला आहे. त्याच्या झाकणाचा एक कोपरा तुटलेला आहे आणि शिफ्टची डावी कळ दोनदा दाबावी लागते. त्यावर ब्राउझरच्या पाच खिडक्या उघडायच्या, आणि मग संपूर्ण हंगामाची बिले भरलेल्या फाइलवर वर्षअखेरीचा ताळेबंद काढायचा, ही आमची ठरलेली चाचणी. सरासरी वापर येथे उपयोगाचा नाही. ताळेबंद काढताना मेमरी ज्या शिखराला पोहोचते, ते शिखर महत्त्वाचे. मेमरी अपुरी पडली की विंडोज डिस्कवर लिहू लागते, आणि फिरती डिस्क असेल तर प्रणाली बंद न पडताच ठप्प होते. माणूस पुन्हा पुन्हा क्लिक करतो, आणि तेच बिल दोनदा पडते. म्हणजे मेमरीची अडचण आमच्याकडे तक्रार म्हणून येते ती ‘हिशेब चुकला’ अशी.

पहिल्या चाचणीत हा लॅपटॉप नापास झाला. तेव्हा अट ८ जीबीवर नेणे सोपे होते. आम्ही ताळेबंद तुकड्यातुकड्याने काढण्याची सोय केली, आणि ४ जीबी टिकले. किमान अट वाढवण्याआधी आपल्याच कोडकडे एकदा पाहावे, असे आमचे मत या लॅपटॉपमुळे झाले आहे.

प्रोग्रामर मित्रांसाठी एक सूचना: आभासी संगणकात (एका संगणकाच्या आत प्रोग्रामने उभ्या केलेल्या दुसऱ्या संगणकात) मेमरी ४ जीबीवर बांधता येते, पण जुन्या डिस्कची संथ गती त्यात खरी उतरत नाही. त्यासाठी खरे यंत्रच लागते.

प्रोसेसरचे साल का दिलेले नाही?

कारण साल फसवते. एव्हीएक्स२ या, आकडेमोड वेगाने करणाऱ्या प्रोसेसरच्या सूचना इंटेलच्या २०१३ सालच्या हॅसवेल प्रोसेसरांपासून आल्या, म्हणून ‘२०१३ नंतरचा कोणताही चालेल’ असे वाटते. परंतु पेंटियम आणि सेलेरॉन या नावांनी विकल्या गेलेल्या स्वस्त प्रोसेसरांत त्या पुढे अनेक वर्षे नव्हत्या. आमच्या एका सहकाऱ्याने एकदा वेग वाढावा म्हणून स्वतःच्या प्रोसेसरला अनुकूल पर्याय लावून प्रणाली बांधली. आमच्याकडच्या सगळ्या संगणकांवर ती छान चालली. लांज्याच्या एका दुकानातल्या, फारशा जुन्या नसलेल्या पेंटियमवर मात्र खिडकी क्षणभर चमकून नाहीशी होई. ना संदेश, ना नोंद. कारण शोधायला दोन दिवस गेले.

आता प्रणाली ६४ बिटच्या मूळ सूचनासंचासाठीच बांधली जाते. जेथे वेगवान सूचनांचा फायदा आहे, तेथे प्रोसेसर त्या जाणतो का, हे चालू असतानाच विचारले जाते. हिशेबाच्या प्रणालीला तेवढे पुरे आहे. चित्रफितींचे किंवा ध्वनीचे काम करणाऱ्यांचे गणित वेगळे असेल.

पडद्याच्या आकाराची अट कशासाठी?

१३६६ × ७६८ हा आकार जुन्या लॅपटॉपांत फार आढळतो, पण नेमके घोडे पेंड खाते ते पुढे. अक्षरे मोठी दिसावीत म्हणून पुष्कळ जण विंडोजमध्ये १२५ टक्के मापन ठेवतात, आणि मग प्रणालीला प्रत्यक्षात साधारण १०९३ × ६१४ एवढीच जागा मिळते. त्यातून खालची पट्टी आणि वरचे शीर्षक वजा करा. मागच्या आवृत्तीत बिलाच्या पडद्यावरचे ‘जतन करा’ हे बटण या संगणकांवर पट्टीखाली जात होते, आणि वेंगुर्ल्याच्या एका काजू कारखान्यातल्या ताई ते न दिसताच टॅब कळ मोजून दाबत असत. त्यांनी तक्रार केलीच नाही. शेजारी बसल्यावर आम्हाला ते दिसले.

मराठीला उंचीही जास्त लागते. वर वेलांटी, रफार आणि अनुस्वार, खाली उकार आणि जोडाक्षरांचा भार, त्यामुळे इंग्रजीसाठी आखलेल्या ओळीत मराठी मजकूर कापला जातो. म्हणून पडद्याची चाचणी आम्ही मराठीत आणि १२५ टक्क्यांवरच करतो.

लिनक्ससाठी नुसते ‘लिनक्सवर चालते’ असे का लिहीत नाही?

कारण ते वाक्य खरे ठरेल याची खात्री देता येत नाही. लिनक्सवर बांधलेली प्रणाली जीलिब्सीच्या ज्या आवृत्तीवर बांधली, तिच्यातल्या खुणा (कोणती फंक्शने कोणत्या आवृत्तीतली लागतात याच्या नोंदी) सोबत घेऊन जाते. नव्यावर बांधलेले जुन्यावर चालेलच असे नाही, जुन्यावर बांधलेले नव्यावर बहुधा चालते. आम्ही एकदा उबुंटू २४.०४ वर, म्हणजे जीलिब्सी २.३९ वर, बांधलेली प्रत कुडाळच्या एका शिक्षक मित्राला दिली. त्याच्या उबुंटू २२.०४ वर ती ‘जीलिब्सी २.३८ सापडले नाही’ असे सांगून थांबली. आम्ही २.३८ मधले काही मुद्दाम वापरलेही नव्हते. अंक वाचणाऱ्या साध्या फंक्शनांना नव्या लिनक्सवर बांधताना नवी खूण लागली होती, एवढेच.

म्हणून लिनक्सची प्रत आम्ही किमान अटीतल्या सर्वांत जुन्या लिनक्सवरच बांधतो, आणि प्रसिद्ध करण्याआधी ऑब्जडम्प या तपासणीच्या साधनाने तिच्या खुणा तपासतो. उबुंटू २०.०४ ठेवावे का, यावर चर्चा झाली. त्याचा सर्वसाधारण आधार मे २०२५ मध्ये संपल्यामुळे ते सोडले.

मॅकचे काय?

आमच्याकडे मॅकवाले थोडे आहेत, बहुतेक होमस्टे चालवणारे. एकच प्रत इंटेल आणि अ‍ॅपल या दोन्ही चिपांवर चालते. मॅकओएस २६ ही इंटेल मॅकवर चालणारी शेवटची आवृत्ती असल्यामुळे ही दुहेरी सोय कायमची नाही.

फोनसाठी अँड्रॉइड ८ च का? अ‍ॅप तर अगदी साधे आहे.

अ‍ॅप साधे आहे, पण त्याला सर्व्हरशी सुरक्षित बोलावे लागते. आमच्या सर्व्हरची ओळख पटवणारे प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्ट या प्रमाणपत्रे देणाऱ्या संस्थेचे आहे. त्यांचे मूळ प्रमाणपत्र अँड्रॉइड ७.१.१ पासूनच फोनमध्ये ओळखीचे आहे. त्याआधीच्या फोनांना चालावे म्हणून एका जुन्या प्रमाणपत्राच्या आधारे जी सोय केलेली होती, तिची मुदत ३० सप्टेंबर २०२४ रोजी संपली. यानंतर जुन्या फोनवर अ‍ॅप उघडत असे, पेट्या मोजत असे, आणि पाठवताना मुकाट्याने हरत असे. बागेत रेंज नसतेच, म्हणून लोकांना ते रेंजचे दुखणे वाटले. किमान अटीत फक्त मेमरी आणि आवृत्ती नसते, विश्वासाची साखळीही असते, हे आम्ही तेथे शिकलो. ७.१.१ वर थांबता आले असते. एक पायरी वर घेतली, कारण सातच्या फोनांवर चाचणी घेण्यास आमच्याकडे चालू स्थितीतला फोन उरलेला नव्हता.

मराठी फॉन्ट वेगळा टाकावा लागेल का?

नाही. जुन्या विंडोजमध्ये मंगल आणि विंडोज ८ पासून निर्मला हे फॉन्ट असतात, पण लिनक्सवर देवनागरी फॉन्ट असेलच असे नाही, आणि ‘दऱ्या’, ‘तऱ्हा’ यांतला अर्धा र सगळीकडे सारखा उमटत नाही. म्हणून मुक्त परवान्याचा नोटो देवनागरी फॉन्ट प्रणालीसोबतच येतो.

इंटरनेट आणि वीज सतत हवी का?

इंटरनेट नको. प्रणाली ते नसताना पूर्ण चालते. आले की नोंदी जुळवून घेते. विजेबाबत आम्ही अट म्हणून काही लिहू शकत नाही, कारण ती आपल्या हातात नाही. जून २०२० मधल्या निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली आणि मंडणगड भागांत कितीतरी दिवस वीज नव्हती. तेव्हा चाचणीत आम्ही एक प्रकार कायमचा ठेवला आहे: नवी आवृत्ती बसत असताना बॅटरी काढलेल्या लॅपटॉपचा प्लग ओढायचा. जुनी प्रत शाबूत राहिली पाहिजे. नवी प्रत पूर्ण उतरून तपासली जाईपर्यंत जुनी हलवली जात नाही, आणि त्यासाठीच मोकळी जागा २ जीबी मागितली आहे. प्रणालीला स्वतःला तेवढी लागत नाही.

आवृत्ती केव्हा येणार, आणि जुनी किती दिवस चालेल?

जूनमध्ये. मार्च ते मे हापूसचा हंगाम असतो, त्यात मार्चअखेर येते. त्या दिवसांत कोणाच्याही संगणकाला हात लावायचा नाही, असा आमचा नियम आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, त्यामुळे सोसायट्यांनाही उसंत असते. पावसात लाईट जाते हे खरे, पण प्लग ओढण्याची चाचणी त्याच्याचसाठी आहे.

जुन्या आवृत्तीला पुढचा हंगाम संपेपर्यंत, म्हणजे त्यापुढच्या मेअखेरपर्यंत, कराच्या नियमांतले बदल आणि सुरक्षा दुरुस्त्या मिळत राहतील. नव्या सोयी मिळणार नाहीत.

आमचा संगणक अटींत बसत नाही. आता काय करावे?

आधी मेमरी पाहावी. अनेक लॅपटॉपांत एक जागा रिकामी असते, आणि जुनी फिरती डिस्क काढून एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) बसवली तर संगणक पुन्हा नव्यासारखा चालतो. नवा घेण्यापेक्षा हा खर्च फार कमी आहे. संगणक विंडोज ७ चा आणि ६४ बिटचा असेल, तर त्यावर उबुंटू टाकून देण्यास आम्ही मदत करतो, मात्र शेजारच्या छपाई यंत्राचा प्रकार आधी कळवावा, कारण बिल छापणारी काही यंत्रे लिनक्सवर चालत नाहीत. यांपैकी काहीच शक्य नसेल, तर जुनी आवृत्ती तशीच ठेवावी आणि आम्हाला संगणकाची माहिती कळवावी. ती वहीत जाते, आणि पुढच्या वेळी अट ठरवताना ती वही टेबलावर असते.